सरांच्या कादंबरीतली भिंत

सरांच्या कादंबरीत एकशे बाराव्या पानावर मी आहे. नाव माझं नाही, गावाचंही नाव बदललेलं आहे, पण इकडं उमापूरपासून चकलांब्यापर्यंत ज्यांनी ते पुस्तक वाचलं त्यांनी मला ओळखलं, आणि ज्यांनी वाचलं नाही त्यांना वाचणाऱ्यांनी सांगितलं. त्या पानावर एक बाई सकाळी उठते, हातात पोतेरं घेते आणि पोरीनं भिंतीवर सहा महिने मांडलेलं गणित पुसून टाकते. पोर रडत तिचा हात धरते. तेव्हा ती बाई म्हणते, "भिंत घराची हाय, शाळेची न्हाई."

असं मी कधी बोलले नाही. पोरीनं माझा हात धरला नव्हता. भिंत मात्र पुसली होती, आणि ती का पुसली हे मला आणि पोरीला दोघींनाच माहीत आहे. ती सांगत नाही. म्हणून मी इथं लिहून ठेवते. कुणाला दाखवायचं नाही.

आमचं घर गावाबाहेर, सरांच्या शेताच्या बांधाला लागून. पोरीचे वडील मेंढरं राखतात. दिवस उगवायला जातात, मावळायला येतात, आणि वर्षातले काही महिने तर चाऱ्यामागं लांबच असतात. सर आधी गावात राहत नव्हते. संभाजीनगरला कॉलेजात त्यांनी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं. रिटायर झाल्यावर, बायको वारल्यावर, ते वडिलांच्या शेतात दोन खोल्या बांधून एकटे राहायला आले. त्यांच्याच विहिरीवरून आम्ही पाणी आणायचो.

पोहरा सोडायच्या आधी मी विहिरीत खडा टाकायचे. खडा पाण्यात पडल्याचा आवाज येईपर्यंत मनात भरभर मोजायचं, त्यावरून दोर किती सोडायचा ते कळतं. माझी आई असंच करायची. पोर आठवीत होती तेव्हा एक दिवस तिनं खडा टाकला आणि म्हणाली, "आई, पाणी साडेचार परसावर गेलं." परस म्हणजे एका माणसाच्या उंचीएवढं माप. सर लिंबाखाली पेपर वाचत बसले होते. त्यांनी विचारलं, कशावरून सांगतेस? पोर म्हणाली, आवाज यायला दुप्पट वेळ लागला तर पाणी दुप्पट खोल नसतं, चौपट खोल असतं. दोराला गाठी मारून तिनं दोन उन्हाळे हे बघितलं होतं आणि मला पत्ता नव्हता. सरांनी पेपर खाली ठेवला.

पुस्तकात खडा टाकायचं सर तिला शिकवतात. त्याचं मला एवढं काही नाही.

त्या दिवसापासून शाळा सुटल्यावर विहिरीच्या कट्ट्यावर तिची शिकवणी सुरू झाली. वयात येणारी पोर एकट्या माणसाच्या शेतात रोज पाठवली तर गाव काय बोलतं ते लिहायला नको. म्हणून मी रोज सोबत जायचे. दहा-बारा हातांवर बांधावर बसायचे आणि मांडीवर वाकळ घेऊन टाके घालायचे. शिकवणीच्या त्या वर्षांत पाच वाकळा शिवून झाल्या. सर चहा करायचे, मी कप धुवायचे. मला जवळ बसा असं ते कधी म्हणाले नाहीत, आणि म्हणाले असते तरी मी बसले नसते. पण कान उघडे होते. चांदणी दिसते ती आजची नसते, तिचा उजेड तिकडून निघूनच किती तरी वर्षं झालेली असतात, हे मी बांधावर बसून ऐकलं. जड दगड आणि हलका दगड वरून सोबत सोडले तर सोबतच पडतात, हेही. सर शिकवायचे फार चांगलं. खोटं कशाला लिहू. एखादी गोष्ट सांगून झाली की ते गप्प बसायचे, पोरीला विचार करू द्यायचे, आणि त्या गप्प वेळात मीसुद्धा सुई थांबवून विचार करायचे.

पुस्तकात त्या विहिरीवर दोनच माणसं आहेत.

पोरीची आठवीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात सरांनी तिला एक प्रश्न घातला. पृथ्वीच्या आरपार विहीर खणली आणि वरून दगड सोडला तर दगडाचं काय होईल? मला वाटलं, पलीकडून खाली पडून जाईल. पोरीनं मातीत बोटानं एक गोल काढला. मग म्हणाली, पडून जाणार नाही, पलीकडच्या तोंडापर्यंत जाईल आणि परत येईल, झोका येतो तसा, येतच राहील. सर उठून उभे राहिले. म्हणाले, मग आता सांग, एका फेरीला वेळ किती लागेल? त्याचं गणित म्हणजे ती भिंत.

वह्या होत्या तिच्याकडं. पण वहीत पान उलटलं की मागचं दिसत नाही, मला समदं एकाखाली एक दिसलं पायजे, म्हणाली. आतल्या खोलीची एक भिंत मी तिला दिली. तिथली धान्याची कोठी सरकवली, वाकळांची घडी दुसरीकडं ठेवली. पांढऱ्या मातीनं सारवलेल्या त्या भिंतीवर ती कोळशानं लिहायची. वर हात पुरेना तेव्हा डब्यावर उभी राहून लिहायची. तिचे वडील रात्री जेवताना त्या भिंतीला पाठ टेकायला जायचे आणि मी त्यांना हाताला धरून उठवायचे. ते म्हणायचे, "माझ्याच घरात मला टेकाया जागा न्हाई राह्यली." पण हसून म्हणायचे.

मग घटस्थापना जवळ आली. आमच्याकडं त्याच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातली वाकळ न् वाकळ, भांडं न् भांडं धुवायचं, आणि भिंती पांढऱ्या मातीनं नव्यानं सारवायच्या. तसं केल्याशिवाय घट बसत नाही. बाहेरची खोली केली, आतल्या तीन भिंती केल्या आणि पोरीची भिंत ठेवली. माझी जाऊ बघायला आली. दारातच म्हणाली, "तीन भित्तींचा दसरा कुठं बघितलता का गं बाई? देवीला काय सांगशील, एक उधार हाय म्हणून?" मी म्हणाले, देवीला वाचता येत असंल तर वाचील की. मी कुणाला असं उलट बोलत नाही. त्या दिवशी बोलले, म्हणून ध्यानात आहे.

दुसऱ्या दिवशी अमावस्या होती. सकाळी मी भाकरी करत होते आणि पोर भिंतीसमोर बसली होती. शाळेत जायची वेळ झाली तरी उठेना. मी जाऊन बघितलं तर तिनं नखानं एक ओळ खरवडली होती. मला म्हणाली, "पूस ही समदी भित्त."

"कावून? सर उद्या येणार हायत की, पाव्हण्याला घिऊन."

"म्हणून तर पूस म्हणते."

संभाजीनगरचे सरांचे एक मित्र, तेही मोठे प्रोफेसर, ही भिंत बघायला येणार होते. पोरीनं मला जे सांगितलं ते मला जेवढं कळलं तेवढं लिहिते. दगड आत जाताना पृथ्वीची ओढ सगळीकडं सारखीच आहे असं तिनं पहिल्या ओळीपासून धरलं होतं. पण दगड आत गेला की वर राहिलेली माती त्याला मागं ओढते, म्हणून ओढ कमी कमी होत जाते आणि मधोमध काहीच उरत नाही. पहिलीच ओळ चुकली म्हणजे खालचं सगळं चुकलं. सहा महिन्यांचं.

मी म्हणाले, मग सरांना तसं सांग, सर काय मारतेत का? ती म्हणाली, तुला न्हाई कळायचं, सरांनी पाव्हण्याला सांगून ठेवलंय की ही पोरगी चुकत न्हाई.

मी तरी पोतेरं हातात घेतलं नव्हतं. तिनंच बादलीत बुडवून आणलं. खालचं तिनं पुसलं आणि जिथं तिचा हात पोचत नव्हता तिथलं वरचं मी पुसलं. कोपरापर्यंत दोघींचे हात काळे झाले. मग मी पांढऱ्या मातीचा हात फिरवला आणि ती दप्तर घेऊन शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी घट बसले आणि दुपारून सर पाहुण्यांना घेऊन आले. आत येऊन बघतात तर चारी भिंती पांढऱ्या. सरांनी पोरीकडं बघितलं. पोर म्हणाली, "आईनं दसरा काढला."

एवढंच म्हणाली. मी चहाचं ताट घेऊन दारात उभी होते. तिनं माझ्याकडं बघितलं. मेंढरू काट्यात अडकतं तेव्हा ते जसं बघतं तसं. पाहुणे सरांना इंग्रजीत काही बोलले आणि हसले. सर हसले नाहीत. मला हळू आवाजात म्हणाले, "बाई, एकदा विचारायचं तरी होतं."

मी म्हणाले, "चुकलं, सर."

चौदा वर्षांचं लेकरू. मोठ्या माणसांसमोर तिची मान खाली जाऊ नये एवढंच माझ्या मनात होतं. वाटलं, आपल्याला काय, आपण दिवसभर राखेत हात घालणाऱ्या, थोडं अजून लागलं तर लागलं.

आठवडाभरात पोरीनं सरांना सगळं गणित वहीत मांडून दाखवलं. ते नवीन होतं, बरोबर असलेलं. सरांना वाटलं, पुसलेली भिंत तिनं ओळ न् ओळ आठवून लिहिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बांधावरून बघितलं. पोर गप्प राहिली आणि मी सुईत दोरा ओवला.

दहावीनंतर सरांनीच तिला बाहेर नेलं, होस्टेलला घातलं, फॉर्म भरले. आता ती पुण्याला शास्त्राच्या मोठ्या संस्थेत शिकते. सरांचे उपकार आहेतच. ते मी कुठं नाही म्हणते?

कादंबरी आली तेव्हा गेवराईला एका हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला होता. मला साडी-चोळी आणि नारळ देऊन स्टेजवर बसवलं. कुठं बघावं कळत नव्हतं, म्हणून मी नारळाकडं बघत बसले. मग एका शिक्षिकेनं माईकवर पुस्तकातला एक भाग वाचला. तोच भाग. त्यातली बाई "भिंत घराची हाय" म्हणाली तेव्हा लोक हसले, आणि पुढं पोर विहिरीच्या कट्ट्यावर बसून पुसलेलं सगळं गणित सरांना तोंडपाठ म्हणून दाखवते तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पुस्तक वाचलेलं नव्हतं. मला तिथंच कळलं. पोर माझ्या शेजारी दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिचं भाषण झालं. सरांनी अंधारातून कसं काढलं ते ती दहा मिनिटं बोलली. भिंतीबद्दल बोलली नाही.

त्यानंतर मी पुस्तक वाचायला घेतलं. दुपारी शेळ्या बांधून झाल्यावर चार-पाच पानं. महिना-दीड महिना लागला. सर लिहितातही चांगलं. चांदणीच्या उजेडाचं तसंच आलंय, जसं मी ऐकलं होतं. म्हणून तर ते पान वाचताना जास्त लागतं. तिथलंही तितकंच खरं वाटतं.

गावात बाया चेष्टा करायला लागल्या. कुणाच्या घरी गेले की म्हणायच्या, आमच्या भित्तीला हात लावू नगं बरं का. जाऊ म्हणाली, "मी तवाच म्हणले न्हवते का एक उधार ठेव म्हणून?" तिनं उलटंच म्हटलं होतं. पोरीच्या वडिलांना मी एकदा सांगायला गेले तर म्हणाले, "पुस्तकातली बाई हाय ती, तू कावून जीवाला लावून घेती? मेंढराला वाचता येत न्हाई तेच बरं हाय."

मी पोरीला फोन केला. तिला म्हणाले, सरांना एकदा सांगून टाक. ती म्हणाली, आई, कादंबरी हाय ती, त्यात सगळं खरं नसतं. मी म्हणाले, सरांना ते खरं वाटतं. ती म्हणाली, सांगते.

ती सांगेल म्हणून मी वाट बघितली. मध्ये सरच एकदा बांधावर भेटले. म्हणाले, बाई, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय आणि प्रस्तावना तुमची पोरगी लिहिणार आहे. मी धीर केला. म्हणाले, "सर, त्या भिंतीचं जरा..." पुढचं माझ्या तोंडातून येईना. मी सांगितलं तर पोर त्यांच्यापुढं खोटी ठरते, आणि तिला पुढं शिकायला बाहेरदेशी जायचं होतं, त्यासाठी सरांचं शिफारशीचं पत्र अजून जायचं होतं. सरांनी मला पुढं बोलू दिलंच नाही. हात वर करून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका, बाई. मी तुम्हाला दोष दिलेलाच नाही. तुमची परिस्थितीच तशी होती."

मी काही सांगायच्या आधीच त्यांनी मला माफ करून टाकलं. घरी येऊन मी त्या दिवशी दोनदा पीठ मळलं, पहिलं वाया गेलं. पण मनात म्हणाले, प्रस्तावना तर पोरच लिहिणार आहे. जे तोंडानं सांगवत नाही ते ती लिहून सांगेल. लिहिणं तिला सोपं जातं.

नवीन पुस्तक पोस्टानं आलं. वरती पोरीचं नाव छापलेलं बघून आधी बरं वाटलं. मग वाचलं. तिनं लिहिलं होतं, माझ्या आईने ती भिंत पुसली त्या दिवशी मी ठरवलं की मला अशा घरात राहायचं नाही. खाली लिहिलं होतं, मी तिला केव्हाच माफ केलं आहे, तिला शिकायला मिळालं नाही ही तिची चूक नव्हती.

सरांनी लिहिलं तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. हिला ठाऊक होतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. पुस्तक मिळालं का विचारलं. मिळालं म्हणाले. वाचलंस का विचारलं. माझ्या तोंडून निघालं, "अक्षर लई बारीक हाय." ती म्हणाली, दिवाळीला आले की तुझे डोळे दाखवू.

आणि दिवाळीला आली तेव्हा खरंच ती मला गेवराईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी लांबची पाटी वाचायला लावली, मग जवळचं कार्ड. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. ते म्हणाले, "नजर चांगली आहे. चाळिशी लागायला अजून वेळ आहे. त्रास काय होतो?"

मी कार्ड परत दिलं. पोर म्हणाली, "तिला पुस्तकाचं अक्षर बारीक दिसतं."

"कोणतं पुस्तक?"

ते तिच्या पिशवीत होतं. डॉक्टरांना भेट द्यायला आणलं होतं. डॉक्टरांनी पहिलीच पानं उघडून माझ्यापुढं धरली आणि म्हणाले, वाचा बरं मोठ्यानं. मी पोरीकडं बघितलं. ती म्हणू शकली असती, हे नको, दुसरं पान. तिनं पिशवीचा बंद आवळला.

मी वाचलं. "माझ्या आईने ती भिंत पुसली त्या दिवशी मी ठरवलं की मला अशा घरात राहायचं नाही." कुठं अडखळले नाही. पुढची ओळही वाचली, माफ केल्याची.

डॉक्टर म्हणाले, छान वाचता की, चष्म्याचं काही काम नाही. आणि पोरीला म्हणाले, तुम्ही लिहिलंय का हे? वा.

बाहेर स्टँडवर गाडीला वेळ होता. आम्ही बाकावर बसलो. पोरीनं पिशवी मांडीवर धरली होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "तवा तूच कबूल झालतीस ना. मी तर तुला कबूल हो म्हणले न्हवते."

खरं आहे. ती म्हणाली नव्हती.

मी म्हणाले, "तू लहान होतीस."

"आता कसं सांगू? सर काय म्हणतील?"

मला काय म्हणायचं होतं ते मला माहीत होतं. मी विचारणार होते, आई काय म्हणंल ते कधी मनात येतं का तुझ्या? पण गाडी लागली, लोक दाराशी धावले आणि तिनं आत शिरून मला जागा धरली. स्वतः उभी राहिली. चांगली पोर आहे. उमापूरच्या फाट्यापर्यंत ती उभीच होती.

आठ दिवस राहायला आलेली ती चौथ्या दिवशी परत निघाली. तिच्या वडिलांनी विचारलं, लेक इतक्या लवकर कावून गेली, काय बोललीस का तू तिला? मी म्हणाले, तिचं कॉलेज लवकर उघडलं.